उतू जाणारे दूध आणि बाळाचा खेळ

भागवताच्या दशम स्कंधातला नववा अध्याय आपल्यापैकी अनेकांनी कीर्तनात ऐकलेला असेल. घरातल्या दासी दुसऱ्या कामाला लागलेल्या, म्हणून यशोदा स्वतःच दही घुसळायला बसली आहे. तेवढ्यात कृष्ण येतो, रवी धरून ठेवतो आणि मांडीवर घे म्हणून हटून बसतो. ती घेते. पण तिकडे चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते, म्हणून त्याला खाली ठेवून ती धावत जाते. पोर चिडते आणि दगडाने दह्याचे मडके फोडते. पुढचे उखळ, दोन बोटे कमी पडणारा दोर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कीर्तनकार हा प्रसंग तासभर रंगवतात आणि आपण माना डोलावत ऐकतो, कारण देवपण क्षणभर बाजूला ठेवले तरी त्यातले स्वयंपाकघर आपल्या ओळखीचे आहे. आता रवीच्या जागी मिक्सर आहे, चुलीच्या जागी गॅस, आणि दारात शाळेच्या रिक्षाचा हॉर्न. पोर मात्र तेच आहे. त्याने पिठाचा डबा पालथा घातला की त्याला लीला म्हणायचे आपल्याला काही सुचत नाही.

आपली भाषाही या बाबतीत थोडी कठोरच आहे. क्षुल्लक कामाला आपण पोरखेळ म्हणतो, विचका झाला की खेळखंडोबा म्हणतो, आणि जे खरे नाही ते भातुकलीतले. त्यामुळे लहान मूल खेळत असते तेव्हा ते "काही करत नाही" असे मोठ्यांना मनापासून वाटते. करत नसेल तर त्याला उचलून दुसरीकडे बसवायला हरकत काय?

गेल्या पालकसभेत बालवर्गाच्या काही पालकांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली अशी की शाळेत रोज पाऊण तास मुक्त खेळ कशाला ठेवता, त्या वेळात मुलांना लिहायला का शिकवत नाही? दुसरी अशी की घरी मूल सारखे पायात पायात येते, एकच खेळ शंभरदा खेळते, आम्हाला कामातून वेळ नाही, तर काय करावे? पहिला प्रश्न बाबांचा होता, दुसरा आईंचा. सभेत वेळ कमी होता आणि चहा गार होत होता, म्हणून सविस्तर उत्तर या अंकात देत आहे. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. खेळताना मूल नेमके काय करत असते हे आपण पुरेसे थांबून पाहिलेलेच नसते.

साधे उदाहरण घेऊ. आठ-दहा महिन्यांचे बाळ उंच खुर्चीवर किंवा मांडीवर बसून चमचा खाली टाकते. आपण उचलून देतो. ते पुन्हा टाकते. तिसऱ्या वेळी आपल्याला वाटते की हे मुद्दाम चालले आहे. मुद्दामच असते ते, पण आपल्याला छळण्यासाठी नव्हे. बाळ चमच्याकडे पाहते, मग खाली पाहते, मग तुमच्या तोंडाकडे. टाकलेली वस्तू खालीच जाते का, दर वेळी? आवाज तोच येतो का? रुमाल टाकला तर का येत नाही? आणि दिसेनाशी झालेली वस्तू असते कुठे? या शेवटच्या प्रश्नावर जगातल्या मोठ्या विद्वानांनी वर्षे घालवली आहेत. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६-१९८०) यांना तीन मुले होती. ती तान्ही असताना त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने घरच्या घरी त्यांच्या खेळाच्या बारीक नोंदी ठेवल्या. खेळणे फडक्याखाली झाकले तर लहानसे बाळ ते शोधत नाही, जणू ते जगातून नाहीसेच झाले. काही महिन्यांनी तेच बाळ फडके ओढून खेळणे काढते. डोळ्यांआड गेलेली वस्तू असतेच, हे ज्ञान माणसाला जन्मतः पूर्ण झालेले नसते, ते पक्के होत जाते, हे पियाजेंनी त्या नोंदींवरून मांडले. पुढच्या संशोधकांनी पियाजेंची वये बरीच अलीकडे आणली, काही बाबतींत त्यांची मते खोडूनही काढली. पण बालमानसशास्त्राची एक अख्खी शाखा एका आईबापांनी आपल्या पोरांजवळ बसून पाहण्यातून वाढली, एवढे खरे.

आपल्या आज्या हे शास्त्र न वाचताही बाळाशी बुवा-कुक खेळतच होत्या. पदराआड तोंड गेले, बाळ गंभीर. तोंड बाहेर आले, बाळ खिदळले. त्यात गंमत येण्यासाठी तोंड पदराआड असताना ते आहेच असे बाळाला वाटावे लागते आणि थोडी धाकधूकही राहावी लागते. आजीने पदर फार वेळ धरला तर बाळ रडते, लगेच काढला तर हसत नाही. किती वेळ धरायचा हे आजीला बाळाच्या चेहऱ्यावरून कळते. ज्याला घाई आहे त्याला हा खेळ खेळता येत नाही.

दीड-दोन वर्षांनंतर पाण्याचा खेळ सुरू होतो. तांब्यातले फुलपात्रात, फुलपात्रातले वाटीत, वाटीतले पुन्हा तांब्यात, आणि अर्धे फरशीवर. बसक्या वाटीतले पाणी उंच पेल्यात ओतले की ते "जास्त झाले" असे चार-पाच वर्षांची बहुतेक मुले ठामपणे सांगतात. घरी करून पाहा, मुलाच्या डोळ्यांसमोर ओतून दाखवले तरी ते तसेच म्हणेल. साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास त्याला कळू लागते की भांडे बदलले तरी पाणी तेवढेच. हे त्याला समजावून सांगून कळत नाही, "तेवढेच असते" असे पाठ करून घेतले तर फक्त पाठ होते. हाताखालून गेलेल्या ओतण्यांचा त्यात मोठा वाटा असतो. म्हणून मोरीत दहा मिनिटे बसलेले मूल वेळ घालवत नसते. पुढे लिटर-मिलिलिटरची उदाहरणे त्यालाच सोडवायची आहेत.

आता भातुकलीकडे येतो, कारण लिहिण्याच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. जुन्या घरांच्या माळ्यावर अजून कुठे तांब्या-पितळेची भातुकली सापडते. चूल, बंब, जाते, पाटा-वरवंटा, सोऱ्या, अगदी बोटभर लांबीचे लाटणे. आज गंमत अशी की यातल्या निम्म्या वस्तू मुलांनी खऱ्या घरात पाहिलेल्याच नसतात. त्यांची खरी भातुकली वेगळीच आहे. आमच्या बालवर्गात मागच्या महिन्यात एक मुलगी लाकडी ठोकळा कानाला लावून "हो, ओटीपी आला, सांगते" असे म्हणत होती आणि दुसरा मुलगा पुठ्ठ्याचे खोके घेऊन दारात उभा होता. दोघे चार वर्षांचे. त्या ठोकळ्याला आकडे नव्हते, खोक्यात काही नव्हते, आणि दोघांनाही ते पक्के माहीत होते. हेच महत्त्वाचे आहे. ठोकळा हा ठोकळा आहे आणि तरीही आत्ता तो फोन आहे, हे एकाच वेळी मनात धरणे सोपे काम नाही. एका वर्षाच्या बाळाला ते जमत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉत्स्की (१८९६-१९३४) यांनी काठीचा घोडा करणाऱ्या मुलाबद्दल नेमके हेच दाखवले आहे की वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करायला मूल तिथे शिकते.

आणि अक्षर म्हणजे तरी काय? एक उभी रेघ, तिला दोन बाजूंना दोन गाठी, वर आडवी रेघ. या रेघोट्यांना "क" म्हणायचे, आणि "क"ने कमळ सुरू होते. काठीला घोडा म्हणण्याचा ज्याला भरपूर सराव आहे, त्याला रेघोट्यांना "क" म्हणणे विचित्र वाटत नाही. ज्याचा हा सराव झालेला नाही, तो "क" गिरवतो, पानेच्या पाने गिरवतो, पण ते चित्र कशासाठी उभे आहे हे त्याला उमगत नाही. पहिली-दुसरीत असे एखादे मूल दरवर्षी भेटते. अक्षर वळणदार, वाचन शून्य.

हाताचेही तसेच आहे. बाळाच्या मनगटातली छोटी हाडे जन्मतः कूर्चेची असतात आणि पुढच्या काही वर्षांत एकेक करून पक्की होतात. तीन वर्षांचे मूल खडू मुठीत धरते ते आळशीपणाने नव्हे. तीन बोटांत पेन्सिल तोलायला हात हळूहळू तयार होतो, आणि तो तयार होतो कणकेचा गोळा मळताना, मटार सोलताना, फुले ओवताना, ओल्या मातीत बोटे खुपसताना. त्याआधी पेन्सिल देऊन दोन-दोन पाने लिहून घेतली तर हात दुखतो, आणि "लिहिणे म्हणजे दुखणे" हा धडा पहिल्यांदा पक्का होतो. तेव्हा मुक्त खेळाचा पाऊण तास काढून टाकला तर लिहिणे लवकर येईल, हा हिशेब मुळात चुकीचा आहे.

शिवाय घाई कशाची? गुजरातमध्ये २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पहिलीच्या प्रवेशासाठी १ जूनला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. पूर्वी जे मूल पाचव्या वर्षी पहिलीत बसे, त्याला आता जास्तीचे एक वर्ष मिळाले आहे. ते पहिलीचाच अभ्यास खाली ओढून भरून टाकायचे असेल तर मिळाले काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यातले शिकणे खेळातून व्हावे असे स्पष्ट म्हटले आहे.

खरे म्हणजे आपल्याला हे दिल्लीहून ऐकण्याची गरज नव्हती. आपल्या गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. व्यवसायाने ते वकील. मुलगा झाल्यावर त्याला कसे शिकवावे या विचाराने मॉंटेसोरीचे वाचन सुरू झाले आणि वकिली मागे पडली. त्यांना पुढे येऊन मिळाल्या त्या आपल्या मराठी ताराबाई मोडक. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली ती या गुजराती-मराठी जोडीच्या कामातून. ताराबाईंनी पुढे १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. तिथे मॉंटेसोरीची महाग साधने परवडणार नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, पाने, गोटे, काड्या गोळा करून साधने केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. या सगळ्या मंडळींच्या लेखनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. शिक्षकाने आधी पाहावे, मग बोलावे. वडोदऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हा वारसा दोन्ही घरांकडून मिळालेला आहे.

पाहावे म्हणजे काय करावे, हे मात्र सांगायला हवे, कारण आपण पाहतो म्हणजे बहुधा सुधारतो. मूल वाट्यांची रांग लावत असते. आपण शेजारी बसतो आणि लगेच विचारतो, किती वाट्या आहेत? ही मोठी की ती? हा रंग कोणता? झाला खेळ, सुरू झाली तोंडी परीक्षा. मूल एक-दोन उत्तरे देते आणि उठून जाते. त्यापेक्षा खाली, त्याच्या उंचीवर बसावे आणि हात स्वतःच्या मांडीवर ठेवावेत. रांग वाकडी असली तर वाकडी राहू द्यावी. बोलायचेच असेल तर जे दिसते ते म्हणावे, "ही वाटी उलटी ठेवलीस." बहुतेक वेळा मूल आपणहून सांगते की ती वाटी नाही, ते कासव आहे. प्रश्नाने जे कळले नसते ते असे कळते. त्याने आपल्याला खेळात घेतले, खोटा चहा दिला, तर तो नीट फुंकर घालून प्यावा. साखर कमी आहे म्हणावे. खेळाचे सूत्र त्याच्या हातात राहिले म्हणजे झाले.

शाब्बासकीबद्दलही थोडे. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रे काढायला मुळातच आवडणारी मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढल्यास सुंदर प्रमाणपत्र मिळेल, आणि दिलेही. काहींना काही सांगितले नाही. थोड्या दिवसांनी वर्गात रंगीत पेन नुसतेच ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या निम्म्याइतकाच वेळ त्यांच्याकडे वळली. ज्या कामात मजा होती त्याची मजुरी झाली. म्हणून प्रत्येक मनोऱ्याला टाळ्या नकोत. मुलाने स्वतः वळून पाहिले तर हसावे, एवढे त्याला पुरते.

मोबाईलवर चित्रण करणे ही तर टाळ्यांची मोठी बहीण. आईचा हात फोनकडे गेला की मूल ते ओळखते, आणि खेळ थांबून खेळाचा देखावा सुरू होतो. मग आत्याला पाठवण्यासाठी "परत करून दाखव". दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग काही वेळ समोरच बसून चेहरा निर्विकार ठेवते, हूं की चूं करत नाही. बाळ आधी हसून पाहते, बोट दाखवते, हात पुढे करते, ओरडते, आणि शेवटी तोंड फिरवून खचून जाते. आई जवळ आहे पण तिथे नाही, हे काही महिन्यांच्या बाळालाही सोसत नाही. फोनमध्ये मान घातलेल्या मोठ्या माणसाचा चेहरा मुलाच्या बाजूने कसा दिसत असेल, हे एकदा आरशात पाहावे. मुलाच्याच हातात फोन देऊन मिळवलेली शांतता हा वेगळा विषय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की एक वर्षाच्या मुलालासुद्धा पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या आतच असावा, जितका कमी तितका बरा.

इथवर वाचून एखादी आई म्हणेल, बाई, हे सगळे पटले, पण मी बसू केव्हा? तिचे बरोबर आहे. "मुलांना वेळ द्या" हा उपदेश आपल्याकडे ज्याच्याकडे वेळ उरलेलाच नाही त्या माणसाला केला जातो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटे. यात मुलांचे संगोपन धरलेले नाही, ते वेगळे मोजले आहे. तेव्हा या लेखाचा अर्थ आईच्या यादीत आणखी एक काम असा होत असेल तर तो मला मान्य नाही. बाबांनी रात्रीची भांडी घासली तर आईला वीस मिनिटे मिळतात, किंवा आई भांडी घासते तेव्हा बाबांनी फरशीवर बसावे. आजोबांना सकाळचा पेपर पुरा वाचायला दोन तास लागतात, त्यातली पंधरा मिनिटे नातवाची.

आणि काही वेळ तर काम न थांबवताच मिळतो. पोळ्या लाटताना मुलाला त्याचे पोळपाट-लाटणे आणि कणकेची गोळी द्यावी. त्याची काळी पडलेली, नकाशासारखी पोळी तव्यावर टाकावी आणि बाबांना वाढावी. मटार सोलायला, कोथिंबीर निवडायला, धुतलेले रुमाल घडी करायला बसवावे. काम दुप्पट वेळ घेईल हे मान्य. म्हणून हे सकाळी साडेसहाला डब्याच्या घाईत करू नये, रविवारी किंवा संध्याकाळी करावे. सकाळी मूल रमलेले असेल आणि रिक्षा यायची असेल तर खेळ एकदम मोडू नये. पाच मिनिटे आधी सांगावे आणि मांडलेला खेळ जमल्यास तसाच राहू द्यावा. संध्याकाळी परत आल्यावर आपले कासव जागेवर आहे हे पाहून मुलाचा चेहरा कसा होतो ते पाहा. दोन वाट्या कमी पडल्या तर पडू द्या.

बाहेर जातानाही हा वेग आडवा येतो. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी शहराला दिलेली कमाटीबाग आपल्या मुलांच्या तीन-चार पिढ्यांनी पाहिली आहे. आपण वाघ दाखवायला नेतो आणि मूल दाराशीच मुंग्यांची रांग पाहत उकिडवे बसते. आपण म्हणतो, चल, वाघ बघायचाय ना? मुंग्या त्याच्या उंचीवर आहेत, जवळ आहेत, काहीतरी घेऊन कुठेतरी चालल्या आहेत, आणि वाघ झोपलेला आहे. माझे मत विचाराल तर त्या दिवशी मुंग्याच पाहाव्यात.

सणांत ही ओढाताण जास्त होते, कारण सण म्हणजे घाई. दिवाळीचा किल्ला घ्या. मोठी भावंडे बुरूज, विहीर, मावळे यांत गुंतलेली असतात. तीन वर्षांच्या धाकट्याला किल्ल्याशी देणेघेणे नसते, त्याला चिखल हवा असतो. तो बुरुजावर थापटी मारतो आणि रडारड होते. त्याला शेजारी वेगळे घमेले, वेगळी माती दिली की दोघेही सुखात. बाजारात तयार किल्ले मिळतात, ते सुबक असतात, पण त्यात मुलाने करायचे काही उरलेले नसते. उत्तरायणातही तसेच. पतंग बाबा उडवतात, फिरकी धरायला लहानगा. त्याला फिरकी गरगर फिरते याचेच नवल. मांजाने हात कापतो, म्हणून त्याला वेगळी रिकामी फिरकी आणि साधा दोरा द्यावा.

सावधगिरीची गोष्ट निघालीच आहे तर तीही सांगते. तीन वर्षांखालच्या मुलापाशी शेंगदाणे, चणे, मणी, बिया असे नाकातोंडात जाईल असे काही ठेवू नये. घड्याळातले आणि खेळण्यातले चपट्या बटणासारखे सेल तर कुठल्याच लहान मुलाच्या हाती लागू नयेत, ते गिळले गेल्यास काही तासांत अन्ननलिका भाजते. पाण्याच्या बादलीजवळ मुलाला एकटे सोडू नये, अगदी वितभर पाणी असले तरी. सारखे टोकणे आणि लक्ष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो जवळ बसून शांतपणे पाहतो त्याला टोकावे कमी लागते.

खेळणी फार नकोत. संखेड्याच्या लाखकामाचा एखादा लाकडी खुळखुळा किंवा सावंतवाडीहून कुणी आणलेली फळांची परडी असेल तर उत्तम, नसली तरी अडत नाही. झाकणे, करवंट्या, जुनी ओढणी, पुठ्ठ्याची खोकी, गाळणी. वीस खेळणी एकदम समोर असली की मूल एकातही रमत नाही. चार ठेवावीत, बाकी माळ्यावर, पंधरा दिवसांनी अदलाबदल. आणि "मला कंटाळा आला" असे चार वर्षांच्या मुलाने म्हटले तर लगेच धावू नये. पाच-दहा मिनिटे कंटाळू द्यावे. बहुतेक खेळ तिथूनच निघतात.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. मागच्या अंगणाच्या कोपऱ्यातील वाळूची जागा फरशी घालून स्वच्छ करावी असा प्रस्ताव आहे असे कळते. फरशी घालू नये. वाळूवर झाकण टाकण्यासाठी ताडपत्री आणि वर्षातून एकदा नवी वाळू, एवढा खर्च मंजूर झाला तर मांजरांचा प्रश्न सुटेल आणि वाळूही राहील. मुक्त खेळाचा पाऊण तासही आहे तसाच ठेवावा, अशी बालवर्गाच्या आम्हा सर्व शिक्षिकांची लेखी विनंती सोबत दिली आहे.

पालकांनी मात्र आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये, येऊन पाहावे. पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी सकाळी ९ ते ९.४५ या वेळात चार पालकांना बालवर्गात बसता येईल. नावे कार्यालयात नोंदवावीत. बाबा आणि आजोबांची नावे आधी घेतली जातील. आत येताना मोबाईल कार्यालयात ठेवावा, मुलांना प्रश्न विचारू नयेत, आणि कुणी खोटा चहा आणून दिला तर नाही म्हणू नये. ज्यांना खाली बसायला त्रास होतो त्यांच्यासाठी खिडकीजवळ दोन बुटकी बाके ठेवली आहेत. घरात झाकणे, करवंट्या, जुन्या वाट्या असतील तर येताना घेऊन याव्यात.